वाटणीत आलेली सायकल

मालकांच्या शर्टाला सगळी बटणं आहेत असं मी सहा वर्षांत कधी पाहिलं नाही. कधी वरून दुसरं नसायचं, कधी बाहीचं. तुटलेल्या बटणाच्या जागी नवं लावायचं तर ते त्याच रंगाचं, त्याच जाडीचं, चार भोकांचं असेल तर चारच भोकांचं आणि कडेला तशीच बारीक खाच असलेलं हवं. तसं मिळेपर्यंत ती जागा रिकामी. एकदा मी माझ्या डब्यातलं एक पांढरं बटण त्यांना दिलं. दोन बोटांत धरून ते उन्हात घेऊन गेले, फिरवून फिरवून पाहिलं आणि परत आणून माझ्या तळहातावर ठेवलं.

"बसंल हे. पण जुळत न्हाय."

"मालक, बटण आहे ते. शर्ट बंद झाल्याशी मतलब."

"बसणं वेगळं असतंय मॅडम. जुळणं वेगळं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. नळाची चकती गेली तेव्हा ऐकलं, जिन्यातल्या खिडकीची काच फुटली तेव्हा ऐकलं. त्या काचेवर उभ्या रेघांची नक्षी होती. तशी काच आता कुठं निघत नव्हती, म्हणून तिथं पुठ्ठा लावलेला होता. पुठ्ठा मी राहायला यायच्या आधीपासूनचा होता आणि मी खोली सोडली तेव्हाही तोच होता. पावसाळ्यात तो फुगायचा, उन्हाळ्यात वाकडा व्हायचा. मालक तो काढून सरळ करायचे आणि पुन्हा लावायचे.

ते जाऊन आता तीन वर्षं होत आली. त्यांची आठवण निघाली की आमच्या कॉलेजातले लोक हसतात, कारण मीच त्यांना हे किस्से रंगवून सांगितलेले आहेत. त्या किश्शांच्या पुढं जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

सोलापुरात जरा वयस्कर माणसाला मालक म्हणतात, मग तो कशाचा मालक असो वा नसो. हे माझे खरोखरचे घरमालक होते. मी माळशिरसकडची. कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायला लागले तेव्हा पूर्व भागातल्या त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली ते एकटेच राहायचे. बायको मी येण्याआधीच वारलेली, मुलगी लग्न होऊन भिवंडीला गेलेली. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू बोलणारं. मालक मात्र मागावर कधी बसले नाहीत. आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवत त्यांनी आयुष्य काढलं होतं. गल्लीत चहूबाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट चालायचा आणि हे दारात पाट टाकून बसायचे, हातात एखादा नट नाहीतर बोल्ट. मी प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर एकदा घरी आणला होता, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन मिटवला, उजेडात धरला आणि म्हणाले, "ह्येचा झिरोच चुकतोय की. काय शिकवायलाव तुमी पोरांना?" दुसऱ्या दिवशी मी तपासलं. खरंच चुकत होता.

सायकल जिन्याखाली टांगलेली असायची, एका जुन्या चादरीत गुंडाळून. दर रविवारी सकाळी मालक ती खाली उतरवायचे आणि चादर सोडायचे. सायकल म्हणजे काय, तर फ्रेम, हँडल, पायडल, पुढचा चिमटा आणि दोन मडगार्ड. चाकं नव्हती. साखळी नव्हती, सीट नव्हती, दिवा नव्हता. पण जे होतं ते असं राखलेलं की काळ्या रंगात आपलं तोंड दिसावं. नळ्यांवर सोनेरी बारीक रेघा होत्या आणि त्यातली एकही तुटलेली नव्हती. तेलाच्या फडक्यानं ते एकेक नळी पुसायचे. पुसून झालं की थोडा वेळ नुसते बघत बसायचे आणि परत गुंडाळून टांगायचे.

ती त्यांच्या वडिलांची. वडील हातमागावरचे कसबी विणकर. होटगी स्टेशनावरचा कुणी रेल्वेचा गोरा ड्रायव्हर देश सोडून निघाला तेव्हा त्यानं सामान विकायला काढलं, त्यात ही विलायती सायकल होती. मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबमध्ये तीन गियर असलेली. वडिलांनी ती घेतली आणि होटगीहून सोलापूरपर्यंत हातानं ढकलत आणली, कारण त्यांना चालवायला येतच नव्हती. "गल्लीत आले तर सगळी माणसं बाहेर," मालक सांगायचे. "मागच्या चाकाचा आवाज असा, टिक टिक टिक टिक. माग बंद करून बगायला आले लोक." हे सांगताना त्यांची जीभ टाळ्याला लागून तो आवाज काढायची.

मी आले तेव्हा त्या सायकलीला चाकं शोधण्याचं काम कित्येक वर्षांपासून चालू होतं. साधी चाकं शहरात कुठंही मिळाली असती. मालकांना हवी होती ती तशीच: पुढं बत्तीस तारांचं, मागं चाळीस तारांचं, मागच्याच्या पोटात तीच तीन गियरची यंत्रणा. दर मंगळवारी ते बाजारातल्या भंगारवाल्यांकडं जायचे. खिशात व्हर्निअर आणि पिशवीत एक लाकडी पट्टी. पट्टीवर फ्रेमची सगळी मापं खाचा पाडून घेतलेली. तिथला एक म्हातारा भंगारवाला त्यांना लांबून पाहिलं की हात जोडायचा.

"मालक, कित्ते बरसां से बोल रा मैं. वो माल अब नै आता. जो था वो सब गल गया."

"गळंल कसं? लोखंड कुटं जातंय?"

"लोखंड नै जाता मालक, सळई बनके घरां में जाता."

तरी मालक दर मंगळवारी जायचे.

मला एकदाच त्यांच्याबरोबर जायचा योग आला. अकलूजला माझे मामा राहतात. त्यांच्या ओळखीच्या एका रिटायर्ड कारकुनाकडं असलं तीन गियरचं चाक पडून आहे असं मामांनी फोनवर सांगितलं. मी मालकांना सांगितलं आणि पस्तावले, कारण त्या दिवसापासून रविवार उजाडेपर्यंत ते रोज मला जिन्यात गाठून विचारत होते, हब कसल्या रंगाचा म्हणाले, तारा किती मोजल्या. रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याचं एक बटण नव्हतं.

अकलूजचे ते काका मोठे मोकळ्या स्वभावाचे. अंगणात त्यांनी चाक काढूनच ठेवलेलं. मालकांनी चपला काढल्या, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर चाक आडवं घेतलं. तारा मोजल्या. चाळीस. हब धरून चाक फिरवलं आणि तो आवाज आला. टिक टिक टिक टिक. मालकांनी डोळे मिटले. काकांची बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच कप धरून उभी राहिली. मला वाटलं, झालं. सापडलं.

मग त्यांनी पिशवीतून लाकडी पट्टी काढली आणि चाकाच्या आसाला लावली. आस जवळजवळ अर्धा इंच आखूड होता. त्यांनी पुन्हा लावली. मग पट्टी उलटी करून लावली.

"दुसरा आस घाला की त्यात," काका म्हणाले.

"ह्यो आस पोकळ असतोय. ह्येच्या पोटातनं गियरची साखळी जाती. तसा दुसरा मिळत न्हाय."

"मग एक करा. फ्रेमचा मागला चिमटा जरा दाबून घ्या. लोखंडच हाय ते, दबंल की! बसंल चाक."

मालकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की काका जरा मागं सरले. "चिमटा सरळ हाय," मालक म्हणाले. "सरळ हाय त्येला का वाकवायचं?"

त्यांनी चाक फडक्यानं पुसलं, होतं तिथं नेऊन भिंतीला टेकवलं आणि चहा घेऊन आम्ही निघालो. एसटी मोहोळला पोचली. माझा रविवार गेला होता, डोकं दुखत होतं. मी चिडून म्हणाले, "मालक, तुम्हाला सायकल नकोच आहे. तुम्हाला नुसतं शोधायचंय."

ते खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "तिची चाकं हायत की. मिळायची न्हाईत, एवडंच."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की सायकलीची मूळ चाकं हरवलेली नव्हती, मोडलेली नव्हती. ती आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं, मालकांच्या धाकट्या भावाच्या घरी होती. वडील गेल्यावर वाटणी झाली, तीत फ्रेम थोरल्याकडं आली आणि चाकं धाकट्याकडं गेली. "त्यानं नेली चाकं," एवढंच मालकांनी सांगितलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. त्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून मालक दवाखान्याला, बाजाराला, देवळाला, कुठंही जायचं तर मोठा वळसा घालून जायचे. मला ते इतकी वर्षं चालायची आवड वाटत होती.

"मागून बघा ना एकदा," मी म्हणाले.

"वाटणीतलं मागायचं नसतंय."

यानंतर दीडेक वर्षानं, प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू असताना, कॉलेजच्या गेटवर एक बाई माझी वाट बघत उभी राहिली. साठीची, बारीक, डोक्यावरून पदर. हाताला विड्या वळायच्या तंबाखूचा वास.

"मॅडम, तुमी वरच्या खोलीत राहताव ना? तुमच्या मालकांची भावजय मी."

उन्हात उभं राहवेना, म्हणून मी त्यांना समोरच्या रसवंतीत नेलं. त्यांनी रस घेतला नाही. पेला पुढं ठेवून त्याच्याकडं बघत बोलत राहिल्या.

"ह्येंचं फुप्फुस गेलंय. आयुष्यभर मागाचा कापूस छातीत भरलाय. डॉक्टर म्हणाले, घरी नेवा. घरी आणलंय." त्यांनी पेला थोडा सरकवला. "भावाला बगायचं म्हणतेत. दुसरं काय मागत न्हाईत. चाकं माळ्यावर हायत म्हणावं, दोनी. घेऊन जावा म्हणावं. पण या."

"अजून आहेत चाकं?"

"कुणाला हात लावू दिला न्हाय तीस वर्षं. दिवाळीला काडायचे, तेल घालायचे, परत वर ठेवायचे. मी म्हणायची, इकून टाका. तर आठ-आठ दिवस माझ्याशी बोलायचे न्हाईत."

मी म्हणाले, "वाटणीत सायकलीचे असे दोन भाग कुणी केले हो?"

त्यांनी मान वर केली. "तुमाला सांगितलं न्हाय त्यांनी?"

मग त्यांनी सांगितलं. वाटणीला समाजातली पाच वडीलधारी माणसं बसली होती. माग वाटले, भांडी वाटली, शेवटी सायकल राहिली. दोघांनाही ती पाहिजे होती. पंचांनी समजावलं, एकानं सायकल घ्या, एकानं त्याबदल्यात अजून एक माग घ्या. दोघंही माग नको म्हणाले. दिवस कलायला आला, तेव्हा कंटाळून एक पंच म्हणाला, मग फोडा की तिला आणि घ्या अर्धी-अर्धी. तो चेष्टेत बोलला होता. मालक उठले, आतून पान्हा घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी सायकल सोडवली. पंच हात धरायला गेले तर त्यांना बाजूला सारलं. चाकं, साखळी, सीट, दिवा काढून भावाच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, ही तुझी वाटणी.

"हे रडायले तितंच," बाई म्हणाल्या. "तीस-पस्तीस वर्षांचा बाप्या माणूस. सगळ्यांच्या म्होरं."

 त्या आता थांबत नव्हत्या. जावेबद्दल बोलत होत्या. अक्का म्हणायच्या त्या तिला. "अक्काच्या एका पायातलं जोडवं हरवलं. जोडी नक्षीची होती, लग्नातली. तुमचे मालक म्हणाले, तसंच जोडवं शोधून आणतो, दुसरं घालायचं न्हाय. बारा वर्षं एकाच पायात जोडवं. बाया हसायच्या. सवाष्ण बाई, असं कसं म्हणायच्या. मी चोरून माझ्यातलं एक नेऊन दिलं, तर म्हणाली, ते बगतील, ऱ्हाऊ दे. तशीच गेली ती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पण माणूस वाईट न्हाय हो. आणा त्यांना. लई दिवस न्हाईत."

त्या दिवशी मी परीक्षकांची परवानगी घेऊन लवकर घरी आले. मालक भाकरी खात बसले होते. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पान्ह्याची आणि जोडव्याची गोष्ट तेवढी सांगितली नाही. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"दोनी हायत?"

"हो. दोन्ही."

"मागचा हब कुणी सोडवला न्हाय ना?"

"मालक, तुमच्या भावाचं..."

"ऐकलं मी," ते म्हणाले.

हात धुऊन ते जिन्याखाली गेले. सायकल उतरवली, हँडल सोडवलं आणि फ्रेमच्या मानेतली, म्हणजे हँडल जिथं फिरतं तिथली, वाटी काढून माझ्यापुढं धरली. आत छर्रे फिरून फिरून बारीक खड्डे पडलेले आणि एका बाजूला गंज चढलेला. एका पावसाळ्यात जिन्यात गळलं होतं, ते पाणी मानेत गेलं होतं आणि मालकांना वेळेवर कळलं नव्हतं. बाहेरून लखलखणाऱ्या त्या सायकलीत एवढीच एक जागा खराब होती.

"हे बगा. असं घेऊन जाऊ व्हय त्याच्यापुडं?"

"सायकल कशाला न्यायची? तुम्ही नुसते जा. आत्ता चला, मी येते."

"चाकं त्यानं नीट ठेवली म्हणताव. दर दिवाळीला तेल घातलं. आन् मी? फ्रेम माझ्या वाटणीला आली. वाटी एक सांबाळता आली न्हाय." ते वाटीत अंगठा फिरवत होते. "चाकं लावली की हँडल धरून बगणार तो. पैलं तेच बगणार. वडलांनी सीट धरून त्येला शिकवलंय तिच्यावर. मान कडकडली की लगीच कळंल त्येला."

"मालक, तो माणूस अंथरुणातून उठू शकत नाही."

"दोन दिवसात आणतो वाटी. मग जाऊ."

तिथून पुढं नऊ दिवस गेले. हे नऊ दिवस मी पुष्कळदा मोजून पाहिले आहेत, एखाददुसरा कमी भरतो का म्हणून. पहिले दोन दिवस त्यांनी शहरातली सायकलची सगळी दुकानं पालथी घातली. देशी वाट्या मिळाल्या त्या कणभर मोठ्या निघाल्या. मंगळवारी भंगारवाल्यानं ढिगाऱ्यातून एक वाटी काढून दिली, ती तर जवळजवळ तशीच होती. "घिस के बिठा देता मैं, अब्बी के अब्बी," तो म्हणाला. मालकांनी व्हर्निअर लावला. अर्ध्या मिलिमीटरचा फरक. परत दिली. मग ते एका लेथवाल्याकडं गेले, आपल्या हातानं नकाशा काढून दिला. त्यानं कातून दिलेली पहिली वाटी कडक करायला तापवून पाणी देताना तडकली. दुसरी करायला घेतली.

आणि रोज संध्याकाळी भावजयीचा मला फोन यायचा.

"येणार हायत का?"

"उद्या येतो म्हणालेत," मी सांगायची.

पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. एकदा त्या म्हणाल्या, "गल्लीत सायकलची घंटी वाजली की विचारतेत, अन्न वच्चिंडा? दादा आला का म्हणून. मी काय सांगू?"

"उद्या नक्की," मी म्हणाले.

मी ओरडायला हवं होतं. हाताला धरून न्यायला हवं होतं. माझ्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा असायचा. आणि खरं सांगायचं तर त्या शोधाचं हसू करायची मला इतकी सवय झाली होती की त्या आठवड्यातही, स्टाफरूममध्ये, मी ती अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट सांगून लोकांना हसवलं. सहाव्या दिवशी मात्र मी मालकांशी भांडले. जिन्यात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. पान्हा कुणी आणला होता तेही बोलून गेले. मालक खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मीच आणला. खरं हाय." आणि पिशवी घेऊन लेथवाल्याकडं गेले. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, त्यांना भावाच्या डोळ्यांपुढं उभं राहायची भीती वाटत होती, आणि हातात काहीतरी बिनचूक घेऊन गेल्याशिवाय ती भीती जाणार नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. पलीकडं भावजय नव्हती, दुसरंच कुणीतरी होतं. मी खाली गेले. मालक दारात बसले होते. माझ्याकडं बघितल्यावर त्यांना सांगावं लागलं नाही.

ते उठून जिन्याखाली गेले. जुनी खड्डे पडलेली वाटी त्यांनी मानेत बसवली, छर्रे भरले, हँडल आवळलं. छर्रे सांडत होते. मी ते गोळा करून देत होते. मग त्यांनी फ्रेम खांद्यावर घेतली. "आता ही कशाला, मालक?" असं मी म्हणाले नाही. रिकाम्या हातानं त्यांना जाता येत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी वळसा घातला नाही. दोन गल्ल्या, पाच मिनिटांचा रस्ता. लोक बाजूला होऊन बघत होते. चाकं नसलेली सायकल खांद्यावर घेऊन एक सत्तरीचा माणूस आणि त्याच्यामागून चालणारी मी.

भावाच्या दारात माणसं जमली होती. दारालगतच्या भिंतीला दोन चाकं टेकवून ठेवलेली होती. दोन्हींवर नवे टायर. रबराचा वास अजून जात नव्हता.

भावजय बाहेर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "परवा माळ्यावरनं काडून घेतली. टायर-ट्यूब नवीन आणा म्हणाले, हवा भरून ठेवा म्हणाले. अन्न फ्रेम घेऊन येणार, लगीच लावून बगूया म्हणाले."

मालकांनी फ्रेम चाकांच्या शेजारी टेकवली. पुढच्या चाकाच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला. हवा होती. मग ते आत गेले आणि मी दाराबाहेर उभी राहिले.  आतून जे ऐकू आलं ते ऐकवेना, म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबले.

त्यांनी भावाला खांदा दिला. घाटावर शेवटपर्यंत उभे होते असं नंतर लोक सांगत होते.

दहाव्या दिवसाचं सगळं आटोपल्यावर भावजय आपल्या थोरल्या दिराला म्हणाली, "बावागारू, आता तरी जोडा." तिनं साखळी, सीट आणि दिवा आणून ठेवला, फडक्यात बांधलेला. मी त्या दिवशी मालकांबरोबर गेले होते. तोवर लेथवाल्याकडची दुसरी वाटी तयार झाली होती. मालकांनी ती घेतली नव्हती, विचारायलाही गेले नव्हते. अंगणात ते बसले आणि अर्ध्या तासाच्या आत सायकल जोडून झाली. व्हर्निअर काढला नाही, पट्टी काढली नाही. मागचं चाक चिमट्यात आपोआप सरकलं. एवढी वर्षं ज्यासाठी त्यांनी गावं पालथी घातली ते बघता बघता होऊन गेलं, आणि अंगणात कुणालाही त्याचा आनंद झाला नाही.

ते सायकल ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. टिक टिक टिक टिक. मागांच्या आवाजातसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं. बसले मात्र नाहीत. सायकल त्यांनी भावाच्या भिंतीला लावली, नळावर हात धुतले.

"घेऊन जावा की घरी," भावजय म्हणाली.

"हितंच असू दे. कुणाला लागली तर द्या."

आम्ही परत निघालो. ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून तापलेला होता. मालक माझ्या शेजारून हळूहळू चालत होते, हात मोकळे, काय करावं ते न कळल्यासारखे दोन्ही बाजूंना लोंबत असलेले.

"मान जरा हलती हाय तिची," ते म्हणाले.

"फार?"

"न्हाय. लई न्हाय." चार पावलं ते पुढं गेले. मग थांबले. "मॅडम, तवाच तशीच नेली असती, तरी चाललं असतं. न्हाय का?"

 रोज साठ-साठ पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी पुढं चालू लागले. आणि मालक माझ्या तोंडाकडं बघत, उत्तराची वाट पाहत, माझ्या बरोबरीनं चालत राहिले.